बॅलन डी ओरवाल्यांनो, कीपरला वेगळं ताट कशाला? (खुलं पत्र)

बॅलन डी ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, देणारे फ्रान्स फुटबॉल मॅगझिनवाले, हल्ली त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले युएफावाले (युरोपातल्या फुटबॉलची संघटना), आणि जगभरातून मत देणारे सगळे पत्रकार लोक, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, माहितेय. पण भांडायचं म्हटलं की मला मराठीतच सुचतं, तेव्हा चालवून घ्या, कुणीतरी ट्रान्सलेट करेलच. तसंही तुमच्याकडे मत द्यायला फिफा रँकिंगच्या पहिल्या शंभर देशांचेच पत्रकार लागतात, आणि आपला देश सध्या त्या शंभरात नाही, म्हणजे आमच्या बाजूने कुणी तिथे तोंड उघडेल ही पण सोय नाही. म्हणून मग हे असं चव्हाट्यावर.

विषय गोलकीपरचा आहे. मी शाळेत गोली होतो. म्हणजे झालो नाही, केला गेलो. टीम पाडताना सगळे चांगले वाटून झाले की जो उरतो त्याला गोलमध्ये उभं करायचं ही आमच्या ग्राउंडची रीत, आणि मी कायम उरायचो. जिंकलो तर गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचायचे, हरलो तर खापर माझ्या डोक्यावर. यात तुमचा काही दोष नाही, पण तुम्ही जे करताय ते आमच्या त्या ग्राउंडपेक्षा फार वेगळं नाहीये एवढंच सांगायचंय.

१९५६ पासून तुम्ही बॅलन डी ओर देताय. एवढ्या वर्षांत कीपरला किती वेळा दिलात? एकदा. १९६३, लेव्ह याशिन. बस. मग २०१९ मध्ये तुम्हाला काहीतरी टोचलं असावं, तर तुम्ही याशिनच्याच नावाने कीपर लोकांसाठी वेगळी ट्रॉफी काढलीत आणि सगळे म्हणाले वा वा काय सन्मान. अहो कसला सन्मान, पंगत आत बसलीये आणि ह्याचं ताट ओसरीवर वाढलंय, वर सांगायचं की बघ तुला स्पेशल वाढलंय. इटलीचा कीपर डोनारुम्माचंच घ्या. २०२१ मध्ये इटली युरो कप जिंकली, आख्ख्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं, आणि तुमच्या मेन यादीत तो दहावा. पण हरकत नाही, याशिन ट्रॉफी दिली ना! २०२५ ला परत तेच, ट्रॉफी त्याला आणि यादीत पहिल्या पाचात पण नाही.

पण मला डोनारुम्माबद्दल नाही बोलायचं, तो तरुण आहे, त्याचं तो बघेल. मला बोलायचंय इटलीचा जुना गोली डिनो झॉफबद्दल. कारण तुमच्या यादीत जी चूक आहे ना, ती एकाच माणसाच्या आयुष्यात बघायची असेल तर हा माणूस घ्यावा.

जन्म २८ फेब्रुवारी १९४२, मारियानो देल फ्रिउली नावाचं गाव, इटलीच्या पार ईशान्य कोपऱ्यात, स्लोव्हेनियाच्या बाजूला. शेतकऱ्याचं घर. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन मोठ्या क्लबांकडे ट्रायलला गेला, दोघांनी बुटका म्हणून परत पाठवला. मग त्याची आजी, आदेलाइदे, तिने अंडी चारायला सुरुवात केली. दिवसाला आठ अंडी, असं सांगतात. पाच वर्षांत पोरगा ३३ सेंटिमीटर वाढला. आता डॉक्टर म्हणतील तो वयात आला म्हणून वाढला, अंड्यांनी नाही, असेल बाबा, पण आजीसमोर जाऊन कोण बोलणार. मधल्या काळात तो मोटार मेकॅनिकचं काम शिकला, कारण बॉल अडवून पोट भरतं यावर घरच्यांचा विश्वास नव्हता. बापाचा एक किस्सा तो स्वतः सांगतो. एका गोलबद्दल हा म्हणाला की तो तिथून मारेल असं वाटलंच नव्हतं, तर बाप म्हणाला मग तू तिथे काय केमिस्ट म्हणून उभा होतास का? मला हा बाप फार आवडतो. कीपरला आयुष्यभर लोक जे ऐकवणार होते ते त्याने घरीच ऐकवून मोकळं केलं.

सेरी आ, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची लीग, तिथली पहिली मॅच २४ सप्टेंबर १९६१, उदिनेझेकडून, फिओरेंतिनासमोर. ५-२ ने हरले. पहिल्याच दिवशी पाच गोल! तिथून मांतोव्हा, मग नापोली, आणि १९७२ मध्ये, तिशीत, युव्हेंटस. हो, तेच ज्यांनी बुटका म्हणून घालवला होता. तिथे ११ सीझन खेळला, लीगच्या ३३० मॅच, आणि एक पण चुकवली नाही. परत वाचा, एक पण नाही. सर्दी नाही, बोट मोडलं नाही, बायकोचा वाढदिवस नाही. सहा वेळा लीग जिंकला. आमच्या ऑफिसात अकरा वर्षांत अकरा महिने सलग न चुकता येणारा माणूस मी बघितलेला नाही, त्यात मी पण आलो.

नॅशनल टीमचं तर विचारूच नका. पहिली मॅच एप्रिल १९६८, बल्गेरियाविरुद्ध नेपल्समध्ये, आणि जूनमध्ये हा युरोपियन चॅम्पियन. मधे सेमीफायनल रशियावाल्यांशी, ती तर नाणं उडवून लागली, तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हतं. तर एवढं करून पण १९७० च्या वर्ल्ड कपला त्याला बाकावर बसवलं आणि आल्बेर्तोसी खेळला. आल्बेर्तोसी जरा हिरो टाइप, झेपा बिपा घेणारा. झॉफ तसा नव्हता. त्याचं खेळणं बघितलं तर तुम्हाला वाटेल ह्यात काय, बॉल तर ह्याच्याच अंगावर येतोय. तीच तर गंमत आहे ना, बॉल त्याच्या अंगावर येत नव्हता, तो आधीच तिथे जाऊन उभा असायचा. दोन पावलं आधी हललं की डायव्ह मारावी लागत नाही, आणि डायव्ह मारली नाही की फोटो निघत नाही, आणि फोटो निघाला नाही की तुमची मतं पडत नाहीत. असं सगळं एकात एक अडकलेलं आहे.

मग आला तो रेकॉर्ड. सप्टेंबर १९७२ ते जून १९७४, इंटरनॅशनल फुटबॉलमध्ये ११४२ मिनिटं एक पण गोल नाही. त्यातच नोव्हेंबर ७३ मध्ये इटली वेम्बलीवर पहिल्यांदा इंग्लंडला हरवून आली, १-० असं, गोल कापेल्लोचा. आणि ही मालिका तुटली कुणाकडून, तर हैतीकडून! १५ जून १९७४, म्युनिक, वर्ल्ड कपची मॅच, सेकंड हाफ सुरू होतोय न होतोय तोच इमॅन्युएल सॅनन पळत आला, डिफेंडरला मागे टाकलं, झॉफला चकवलं, गोल. मॅच इटली ३-१ ने जिंकली पण आठवतं काय? सॅनन. मला सॅननबद्दल काही म्हणायचं नाही, हैतीसारख्या देशाचा पोरगा, त्याचा तो हक्काचा क्षण आहे. पण बघा ना, ११४२ मिनिटं ज्याने अडवलं त्याची गोष्ट सांगताना सुद्धा आपण शेवटी गोल मारणाऱ्याचीच गोष्ट सांगतो, आत्ता मी पण तेच केलं.

१९७३ ला तुमच्या यादीत झॉफ दुसरा होता. पहिला क्रायफ. त्याबद्दल माझी तक्रार नाही, क्रायफ तो क्रायफ, शिवाय त्याच वर्षी बेलग्रेडला युरोपियन कपच्या फायनलमध्ये आयाक्सने युव्हेंटसला हरवलं होतं. हरलो की हरलो. माझी तक्रार १९८२ ची आहे.

पण ८२ च्या आधी ७८ सांगायला पाहिजे नाहीतर मजा कळणार नाही. अर्जेंटिनातला वर्ल्ड कप, झॉफ ३६ वर्षांचा. नेदरलँड्सने लांबून गोल मारले, ब्रांट्सने एक आणि हानने तर इतक्या लांबून की टीव्हीवर तो मारतोय हे कळेपर्यंत बॉल आत. मग तिसऱ्या नंबरच्या मॅचला ब्राझीलचे नेलिन्यो आणि दिर्सेऊ, परत लांबून. झालं. म्हाताऱ्याला लांबचं दिसत नाही, आता घरी बसा, नातवंडं खेळवा. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे एका सुरात. पुढची चार वर्षं हा माणूस हेच ऐकत राहिला आणि दर रविवारी युव्हेंटसच्या गोलमध्ये उभा राहिला, उत्तर म्हणून एक शब्द बोलला नाही. कोच बेआरझोतने पण त्याला काढलं नाही. दोघं एकाच भागातले, फ्रिउलीचे, कमी बोलणारे, एकमेकांशी बोलताना तर बहुतेक अजूनच कमी बोलत असतील.

१९८२, स्पेन. झॉफ ४० वर्षांचा, कॅप्टन. पहिल्या तीन मॅच ड्रॉ, पोलंड, पेरू, कॅमेरून. घरचे पेपर असे काही तुटून पडले की टीमने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. फक्त कॅप्टन बोलणार असं ठरलं. म्हणजे ज्या टीममध्ये सगळ्यात मुका माणूस कोण तर झॉफ, त्यालाच बोलायला पुढे केलं! मला तर वाटतं हा त्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात भारी डाव होता, एवढं करून पत्रकारांच्या वहीत किती भरलं असेल ते समजून जा.

मग अर्जेंटिना, मॅराडोनावाली, २-१. आणि ५ जुलै, बार्सिलोना, सारिया स्टेडियम, समोर ब्राझील. झिको, सॉक्रेटीस, फाल्काव. ब्राझीलला ड्रॉ पुरत होता. रॉसीचे तीन गोल, ३-२, हे सगळ्या जगाला पाठ आहे. पण मॅचची शेवटची मिनिटं नीट बघा, यूट्यूबवर आहे. डावीकडून एदेरची फ्री किक, ऑस्करचा हेडर, खाली, कोपऱ्यात. झॉफ आडवा पडला आणि बॉल लाइनवर दाबून धरला. बाजूला टपलेल्या कुणाच्या पायावर सुटून गेला नाही, तिथेच. ब्राझीलवाले हात वर करून गोल गोल ओरडतायत, आणि हा चाळीस वर्षांचा गडी बॉल तसाच दाबून पडलाय, हलत नाहीये, कारण बॉल जरा जरी सरकला तरी रेफ्रीला वाटेल आत गेला होता. रेफ्री होता अब्राहम क्लाइन, त्याने बरोबर बघितलं. तो बॉल सुटला असता तर ३-३, इटली घरी, रॉसीची हॅट्रिक पेपरात शेवटच्या पानावर, आणि तुमचा तो बॅलन डी ओर भलत्याच कुणाच्या घरी गेला असता. मॅच संपल्यावर झॉफने बेआरझोतच्या गालाचा मुका घेतला. एवढाच त्याचा जल्लोष.

११ जुलैला माद्रिदला फायनल, पश्चिम जर्मनी ३-१. चाळीस वर्षं आणि चार महिन्यांचा माणूस वर्ल्ड कप उचलतो, इतक्या वयात वर्ल्ड कप जिंकलेला खेळाडू आजपर्यंत दुसरा नाही. इटलीच्या पोस्टाने त्यावर स्टॅम्प काढला, चित्रकार रेनातो गुत्तुझो, आणि चित्र काय, तर कप धरलेले हात. नुसते हात. पोस्टखात्याला कळलं हो.

त्या रात्री टीम सेलिब्रेट करत होती आणि झॉफ आणि त्याचा रूममेट शिरेआ दोघं खोलीत सिगरेट ओढत पडले होते. आणि परत येताना विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनींबरोबर पत्त्यांचा डाव, झॉफ, काउझिओ, बेआरझोत, मधे टेबलावर वर्ल्ड कप ठेवलेला. तो फोटो बघितला नसेल तर बघा, आपल्याकडे लांबच्या गाडीत सुटकेसवर पत्ते खेळतात अगदी तसाच सीन आहे, फक्त सुटकेसच्या जागी वर्ल्ड कप.

आणि त्या वर्षी तुम्ही काय केलंत? पहिला रॉसी, दुसरा फ्रान्सचा जिरेस, तिसरा पोलंडचा बोनिएक. कॅप्टन पहिल्या तिनात नाही. रॉसी २०२० मध्ये गेला, चांगला माणूस होता, मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही, पण हिशोब तर मांडू द्या. बेटिंगच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून तो मेच्या सुरुवातीला परत आला, लीगच्या तीन मॅच खेळला, वर्ल्ड कपच्या पहिल्या चार मॅचमध्ये एक गोल नाही, आणि मग तीन मॅचमध्ये सहा गोल. सहा जबरदस्त गोल, मान्य. झॉफने त्या सीझनला लीगच्या तीसच्या तीस मॅच खेळल्या, युव्हेंटस चॅम्पियन, मग वर्ल्ड कपच्या सातच्या सात. एकाने तीन मॅच गाजवल्या, एकाने वर्षभर दार सांभाळलं. तुम्ही पाहुण्याला फेटा बांधलात आणि दारावर उभा होता त्याला विचारलं पण नाहीत की बाबा जेवलास का.

८३ ला अथेन्समध्ये युरोपियन कपची फायनल, हॅम्बुर्गच्या मागाटने लांबून मारला, १-० हरले. परत लांबून! मग एक्केचाळिसाव्या वर्षी हातमोजे काढले. ११२ इंटरनॅशनल, तेव्हाचा इटलीचा रेकॉर्ड.

यानंतरचं सांगतो, कारण कीपर रिटायर झाला तरी गोलमध्येच उभा असतो हे मला तिथे दिसतं. १९८८ ला तो युव्हेंटसचा कोच झाला, शिरेआला असिस्टंट म्हणून घेतलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये शिरेआ पोलंडला गेला, गुर्निक झाब्झे या टीमची मॅच बघायला, कारण युएफा कपात ती समोर येणार होती. परत येताना रस्त्यावर गाडीला अपघात झाला, आग लागली. ३ सप्टेंबर १९८९. ३६ वर्षांचा होता. झॉफसाठी हा खोलीतला माणूस होता, ज्याच्याबरोबर न बोलता तासन् तास बसता येतं तसला. खेळाडू त्यांच्या खोलीला स्वित्झर्लंड म्हणायचे, इतकी शांत. त्यानंतर त्या सीझनला युव्हेंटस कोपा इताल्या (इटलीतला घरचा कप) पण जिंकली आणि युएफा कप पण. आणि झॉफला? काढलं. नवीन चकाचक फुटबॉल पाहिजे म्हणून दुसरा कोच आणला, तर पुढच्या वर्षी टीम सातवी. यावर पण तो काही बोलल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग लाझिओ, कोच आणि नंतर चक्क क्लबचा प्रेसिडेंट. तिथे त्याच्या हाताखाली गॅस्कोइन होता, म्हणजे जगातला सगळ्यात दंगेखोर आणि सगळ्यात शांत माणूस एका ड्रेसिंग रूममध्ये, देव पण कधीकधी गंमत करतो.

१९९८ ला इटलीचा कोच. युरो २०००, स्पर्धेच्या तोंडावर कीपर बुफोनचा हात मोडला, मग तोल्दोला उभं केलं, आणि अॅमस्टरडॅमला सेमीफायनलमध्ये दहा जणांनिशी खेळून, तोल्दोने मॅचमध्ये एक आणि शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवून नेदरलँड्सला घरात बसवलं. फायनल फ्रान्सशी. १-० पुढे. बाकावरचे इटलीवाले उठून उभे राहिलेले, आणि शेवटच्या काही सेकंदांत विल्टोर्डने बरोबरी केली, मग ट्रेझगेचा गोल्डन गोल (तेव्हा जादा वेळेत पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपायची). दुसऱ्या दिवशी बर्लुस्कोनी, म्हणजे मिलान क्लबचा मालक आणि पुढारी, जाहीर बोलले की झिदानला मार्क करायला पाहिजे होतं हे कुठल्याही नवशिक्याला कळलं असतं. झॉफने लगेच राजीनामा दिला, आत्मसन्मानाचे धडे मी यांच्याकडून घेणार नाही अशा अर्थाचं काहीतरी बोलून. लोक म्हणाले एवढ्याशा गोष्टीवर कशाला. अहो एवढीशी नाही ती. तीन-चार गोलांबद्दल चार वर्षं ऐकून घेणारा माणूस आहे हा, पण ते खेळाबद्दल होतं, हे माणसाबद्दल होतं, आणि हा फरक त्याला बरोबर कळत होता.

त्यानंतर परत लाझिओ, २००५ ला फिओरेंतिनाला शेवटच्या दिवशी खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचवलं (पहिल्या मॅचला पाच गोल देणारी तीच फिओरेंतिना), आणि थांबला. आता ऐंशी पार केलीये, रोममध्ये असतो.

आणि हे ऐका. युएफाने आपल्या ५० वर्षांनिमित्त प्रत्येक देशाला विचारलं होतं, तुमचा गेल्या पन्नास वर्षांतला एक सर्वोत्तम खेळाडू सांगा. इटलीकडे रिवेरा होता, बाजो होता, बारेसी, माल्दिनी होते. इटलीच्या फेडरेशनने नाव दिलं झॉफ. म्हणजे घरच्यांनी आतल्या पंगतीत, मधल्या पाटावर बसवलाय त्याला. त्याच युएफाला आता तुम्ही बरोबर घेतलंय तर त्यांनाच विचारा, कागद असेल कपाटात.

मला माहितेय तुम्ही काय म्हणाल. कीपरचं मोजायचं कसं, गोल मोजता येतात, असिस्ट मोजता येतात, न झालेला गोल कसा मोजणार. खरंय, अवघड आहे. पण मत देणारे शंभर अनुभवी पत्रकार ठेवलेत ते अवघड मोजायलाच ना, सोपं मोजायला तर स्कोअरबोर्ड आहे. १९६३ ला जमलं होतं. बुफोन २००६ ला दुसरा आला तेव्हा पण जवळपास जमलंच होतं, ऑलिव्हर कान, नॉयर तिसरे आले. मग अचानक २०१९ ला वेगळं ताट का मांडलंत? तेव्हापासून मत देणाऱ्याच्या मनात सोय झाली, कीपरला काय, त्याची त्याला मिळेल की.

तर मागणी सरळ आहे. याशिनचं नाव त्या बाजूच्या ट्रॉफीवरून काढा, किंवा ठेवा, पण मग स्ट्रायकरना पण त्यांची वेगळी ट्रॉफी घेऊन गप बसायला सांगा. तुम्ही ती पण काढलीये म्हणा, जास्त गोल मारणाऱ्याला, फक्त तिथे वेगळं ताट मिळालं म्हणून कुणी आतल्या पंगतीतून उठत नाही. आणि १९८२ चं जाहीर एकदा म्हणा की चुकलं. रॉसीचं काढून घेऊ नका, त्याचं त्याच्याकडे राहू दे. फक्त म्हणा.

कळावे, लोभ असावा (अजून तरी नाहीये, माहितेय).

आपला,
शाळेतला एक उरलेला गोली

ता.क. आमच्या बिल्डिंगमध्ये एक नऊ वर्षांची मुलगी आहे, ती स्वतःहून गोलमध्ये उभी राहते, कुणी उभं करावं लागत नाही. तिला मी आजीच्या अंड्यांची गोष्ट सांगितली. तिची आजी अंडं घरात येऊ देत नाही, त्यामुळे सध्या शेंगदाण्याच्या लाडवांवर काम चालू आहे.